काय काढावे, काय राखावे: अवटू व परावटू ग्रंथींच्या शस्त्रक्रियेची जडणघडण

अवटू ग्रंथी शरीरात नेमके काय काम करते, हे वैद्यकाला मुख्यतः कळले ते ती समूळ कापून काढल्यानंतर रुग्णांची जी अवस्था झाली तिच्यावरून, आणि तेही शस्त्रक्रिया पुरेशी सुरक्षित होऊन असे रुग्ण जगू लागल्यावर. कंठमण्याच्या खाली श्वासनालेला दोन्ही बाजूंनी बिलगून असलेली ही ग्रंथी, जिला आज घरोघरी थायरॉइड म्हणून ओळखतात, निरोगी प्रौढ माणसात साधारण १५ ते २५ ग्रॅम वजनाची असते. तिच्या मागच्या अंगाला मसुरीच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांत चार, परावटू म्हणजेच पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. जागा एक असली तरी दोघींची कामे अगदी वेगळी आहेत. अवटू ग्रंथी आयोडीनयुक्त संप्रेरके तयार करून शरीरातील चयापचयाचा वेग राखते, तर परावटू ग्रंथी रक्तातील कॅल्शियमची पातळी सांभाळतात. याखेरीज अवटूच्या मागून दोन्ही बाजूंना एकेक बारीक चेता, म्हणजे मज्जातंतू, छातीतून वळून वर स्वरयंत्राकडे जाते आणि ती दुखावली की आवाज बसतो. रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यात, इतक्या अरुंद जागेत या सगळ्या गोष्टी एकत्र आल्यामुळे येथील शस्त्रक्रियेच्या इतिहासात काय काढावे यापेक्षा काय राखावे हे शिकायलाच अधिक काळ लागला, आणि त्या शिक्षणाची किंमत रुग्णांनी मोजली.

अवटू ग्रंथी फुगून गळ्यावर जी सूज येते तिला गलगंड म्हणतात आणि हा विकार फार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्यासोबत गलगंडाचे वर्णन येते. त्यात गळ्याशी लोंबणाऱ्या लहानमोठ्या सुजेचे वातज, कफज आणि मेदोज असे प्रकार सांगितले असून कोणता रुग्ण हाती घेऊ नये हेही सांगितले आहे. ज्याला श्वास घेणे कष्टाचे झाले आहे, ज्याचा विकार वर्षापेक्षा जुना आहे, ज्याची अन्नावरची वासना उडून तो क्षीण झाला आहे आणि ज्याचा स्वर फुटला आहे, अशा रुग्णाला वैद्याने वर्ज्य मानावे, असा तो निर्देश आहे. श्वासनालेवर पडलेला दाब आणि स्वरातील बदल ही दोन्ही लक्षणे आजही गलगंडाच्या तपासणीत गंभीर समजली जातात, हे पाहिले म्हणजे त्या निरीक्षणाची सूक्ष्मता ध्यानात येते. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन यांनी डुकरांवर प्रयोग करून स्वरयंत्राकडे जाणारी चेता बांधली की प्राण्याचे ओरडणे थांबते हे दाखवून दिले होते. दहाव्या शतकात कॉर्दोबाजवळ राहणाऱ्या अल-झहरावी यांच्या ग्रंथात आणि बाराव्या शतकात इटलीतील सालेर्नोच्या वैद्यपीठात गलगंडावरील शस्त्रकर्माचे उल्लेख येतात, परंतु तापलेल्या सळया, गाठीतून ओवलेले दोरे आणि दाहक लेप यांपलीकडे त्या उपचारांची मजल सहसा जात नसे.

पुढची काही शतके हा प्रांत भीतीचाच राहिला. विल्हेल्म फाब्रिसिउस यांच्या नावावर १६४६ मधील एक नोंद सांगितली जाते, तिच्यानुसार दहा वर्षांच्या एका मुलीचा गलगंड चाकूने काढण्याचा प्रयत्न झाला, मुलगी दगावली आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला तुरुंगात जावे लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पिएर-जोसेफ देसो यांनी ग्रंथीचा काही भाग यशस्वीपणे काढला, मात्र त्याच शहरात १८०८ मध्ये ग्युयोम द्युप्युइत्रेन यांनी संपूर्ण ग्रंथी काढली तेव्हा रक्तस्राव फारसा न होताही रुग्ण वाचला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा शस्त्रक्रियांतील मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते. फ्रान्सच्या वैद्यक अकादमीने १८५० मध्ये या शस्त्रक्रियेविरुद्ध मत दिले आणि अमेरिकेतील नामवंत शल्यचिकित्सक सॅम्युएल ग्रॉस यांनी १८६६ मध्ये, कोणताही शहाणा आणि प्रामाणिक शल्यक या वाटेला जाणार नाही, अशा अर्थाचे कठोर शब्द लिहिले. हे मत भित्रेपणाचे नव्हते. भूल नसताना, जंतूंची कल्पना नसताना आणि रक्त थांबवण्याची खात्रीची साधने हाताशी नसताना गळा उघडणे म्हणजे रक्तस्राव, गुदमरणे किंवा पू होऊन ताप चढणे या तिन्हींपैकी एकाला जवळजवळ निमंत्रणच होते.

तीस वर्षांच्या आत ही स्थिती पालटली. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने जखमेतील जंतुसंसर्ग रोखण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्यानंतरच्या काळात तुटलेली रक्तवाहिनी पकडून ठेवणारे, दात्यांच्या अडणीने बंद राहणारे चिमटे शल्यकांच्या हाती आले. या तिन्ही साधनांचा मिलाफ गलगंडाच्या बाबतीत आल्प्सच्या पायथ्याशी झाला, याला भूगोल कारणीभूत आहे. हिमयुगातील बर्फाने आणि नंतरच्या पावसाने धुऊन निघालेल्या डोंगराळ जमिनीत आयोडीन अत्यल्प उरते, अशा जमिनीतील पाणी व धान्य यांतूनही ते पुरेसे मिळत नाही आणि आयोडीनच्या तुटवड्यात संप्रेरक तयार करण्याच्या धडपडीत अवटू ग्रंथी वाढत जाते. स्वित्झर्लंडच्या अनेक खोऱ्यांत गलगंड इतका सार्वत्रिक होता की त्यात कोणाला नवल वाटत नसे. त्याच खोऱ्यांत जन्मापासून बुटकी, मंदबुद्धी आणि अनेकदा मूकबधिर असलेली माणसेही दिसत आणि या अवस्थेला क्रेटिनिझम म्हणत. गळ्याचा भार श्वास कोंडू लागला की माणसे शल्यकाकडे येत, त्यामुळे तेथील रुग्णालयांत या विकाराचा जेवढा अनुभव साठला तेवढा इतरत्र साठणे शक्य नव्हते.

या अनुभवाचे पहिले मोठे नाव थिओडोर बिलरोट यांचे. १८६० ते १८६७ या काळात ते झ्युरिख येथे प्राध्यापक होते आणि तेथील त्यांच्या सुरुवातीच्या गलगंड-शस्त्रक्रियांत सुमारे ४० टक्के रुग्ण दगावल्यामुळे त्यांनी ही शस्त्रक्रिया जवळजवळ दशकभर बाजूला ठेवली. व्हिएन्नाला गेल्यावर, जंतुरोधक पद्धती अंगवळणी पडल्यावर, १८७७ पासून त्यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि काही वर्षांतच मृत्यूचे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आणले. बिलरोट धाडसी, वेगवान आणि युरोपभर शिष्यपरंपरा निर्माण करणारे शल्यक होते. त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान असलेले थिओडोर कोखर हे १८७२ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, आपल्या जन्मगावी बर्न येथे शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढची ४५ वर्षे, म्हणजे १९१७ मधील मृत्यूपर्यंत, त्यांनी ते पद सोडले नाही. त्यांची कामाची रीत बिलरोट यांच्या नेमकी उलट होती. मानेच्या घडीला समांतर, गळपट्टीसारखी आडवी चीर घेऊन ते आत जात. स्नायू शक्यतो न तोडता बाजूला सारत. ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आधी एकेक करून बांधत आणि मगच ग्रंथीला तिच्या वेष्टणातून मोकळी करत. कापलेल्या प्रत्येक लहान वाहिनीवर चिमटा लावून रक्ताचा थेंबही न साठू देण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. क्लोरोफॉर्मच्या धोक्यामुळे पुढे त्यांनी कोकेनची स्थानिक भूल पसंत केली, आणि रुग्ण जागा असल्याने स्वरयंत्राच्या चेतेला धक्का लागतो आहे का, हे त्याच्या आवाजावरून लगेच उमगण्याचा लाभही त्यात होता. सुरुवातीच्या दशकात सुमारे १३ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांनी शतक संपेपर्यंत एक टक्क्याच्या आत आणले आणि १९१२ पर्यंत त्यांच्या गलगंड-शस्त्रक्रियांची संख्या ५,००० च्या घरात गेली.

शल्यशास्त्राच्या गौरवगाथांत हेच आकडे प्रामुख्याने सांगितले जातात, पण कोखर यांचे खरे मोठेपण या आकड्यांत नाही. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण अवटू ग्रंथी काढली होती. मुलगी बरी होऊन घरी गेली, पण नंतर तिच्यात बदल होऊ लागल्याचे तिला पाठवणाऱ्या गावाकडच्या डॉक्टरांनी, आउगुस्ट फेचरिन यांनी, त्यांना कळवले: पूर्वीची चुणचुणीत मुलगी मंद आणि सुस्त झाली होती. त्या वेळी या पत्राला जे महत्त्व मिळायला हवे होते ते मिळाले नाही. सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यक जाक-लुई रेव्हर्दँ यांनी आपल्या संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांत असेच बदल दिसल्याचे कोखर यांना सांगितले आणि त्याच महिन्यात ते जिनिव्हाच्या वैद्यक मंडळापुढे मांडले. तेव्हा मात्र कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पत्रे धाडून परत बोलावले. ज्या ३४ जणांची संपूर्ण ग्रंथी काढली होती त्यांपैकी १८ जणांची त्यांना प्रत्यक्ष तपासणी करता आली आणि त्यांतले १६ जण कमीअधिक प्रमाणात एकाच विकाराने ग्रासलेले आढळले. चेहरा सुजट, त्वचा कोरडी व जाड, केस विरळ, हालचाली जड, बोलणे संथ, सतत थंडी वाजणे, विचारशक्ती मंद आणि लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची उंची खुंटलेली. १८७४ मधील ती मुलगी आपल्या धाकट्या बहिणीपेक्षाही बुटकी राहिली होती. पूर्वी दोघी सारख्या दिसत. ज्यांच्या ग्रंथीचा काही भाग शिल्लक ठेवला होता ते रुग्ण मात्र धडधाकट होते.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथील जर्मन शल्यकांच्या परिषदेत कोखर यांनी हे सगळे निष्कर्ष उघडपणे मांडले. कीर्तीच्या शिखराकडे निघालेल्या माणसाने आपल्या हातून झालेल्या निर्दोष, रक्तहीन शस्त्रक्रियांनीच रुग्णांचे अतोनात नुकसान केले हे स्वतःहून, आकडेवारीसह सांगणे त्या काळात सोपे नव्हते आणि आजही नाही. साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे त्यांनी त्यानंतर बंद केले. अर्थात या शोधाचे श्रेय एकट्या कोखर यांना देणे अन्यायाचे ठरेल. रेव्हर्दँ यांनी ते आधी पाहिले आणि आधी सांगितले, त्यांच्याही आधी एका खेडेगावच्या डॉक्टरला ते दिसले होते, आणि १९०९ मध्ये अवटू ग्रंथीवरील कार्यासाठी कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा या दोन्ही नावांची आठवण फारशी कोणाला राहिली नव्हती. हे पारितोषिक मिळवणारे कोखर हे पहिले शल्यचिकित्सक होत.

विकार दिसला, तरी त्याचे कारण लगेच उमगले नाही. शस्त्रक्रियेनंतर श्वासनाल अरुंद होऊन शरीराला प्राणवायू कमी पडत असावा, असे खुद्द कोखर यांना सुरुवातीला वाटले. लंडनमध्ये मात्र विल्यम गल यांनी १८७३ मध्ये आणि विल्यम ऑर्ड यांनी त्यानंतर काही वर्षांनी, मध्यमवयीन स्त्रियांत कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नसताना आढळणाऱ्या अगदी अशाच अवस्थेचे वर्णन केले होते आणि ऑर्ड यांनी तिला मिक्सिडीमा हे नाव दिले होते. १८८३ मध्ये फेलिक्स सीमन यांनी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीत असे मत मांडले की, मिक्सिडीमा, आल्प्समधील क्रेटिनिझम आणि शस्त्रक्रियेनंतरची ही अवस्था या तिन्हींचे मूळ एकच, म्हणजे अवटू ग्रंथीच्या कार्याचा अभाव हे आहे. त्या कल्पनेची प्रथम टवाळी झाली. पण सोसायटीने नेमलेल्या समितीने पाच वर्षे पुरावा गोळा करून १८८८ मध्ये तीच खरी ठरवली. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क मिक्सिडीमाच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. तिची सूज उतरली, बोलणे सुधारले आणि उपचार चालू ठेवून ती त्यानंतर २८ वर्षे जगली. एखाद्या ग्रंथीचे न्यून बाहेरून दिलेल्या स्रावाने भरून काढता येते, हे अंतःस्रावशास्त्राचे मूलभूत तत्त्व अशा रीतीने शल्यगृहातील एका अनर्थातून पुढे आले. अर्कातील क्रियाशील द्रव्य, थायरॉक्सिन, एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९१४ च्या नाताळच्या दिवशी वेगळे केले.

इतका वेळ बाजूला ठेवलेला एक प्रश्न आता घ्यावा लागतो, कारण या इतिहासातील सर्वांत बोधक भाग तोच आहे. व्हिएन्नात बिलरोट यांच्या रुग्णांत मिक्सिडीमा क्वचितच दिसे. तेथे भलतेच काही घडत होते. शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांत काही रुग्णांच्या ओठांभोवती व बोटांना मुंग्या येत, हातांची बोटे ताठ होऊन एकत्र ओढली जात, पोटऱ्यांत पेटके येत आणि काहींना प्राणघातक झटके येत. या स्नायूंच्या आकडीला टेटनी म्हणतात. धनुर्वाताशी तिचा संबंध नाही. बिलरोट यांचे सहायक आंटोन व्होल्फलर यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या टेटनीची पहिली नोंद १८७९ च्या सुमारास केली. एकाच शस्त्रक्रियेनंतर बर्नच्या रुग्णांत एक आणि व्हिएन्नाच्या रुग्णांत दुसरेच संकट का यावे, याचा उलगडा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉलस्टेड यांनी केला. त्यांनी दोघांनाही प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करताना पाहिले होते. हॉलस्टेड यांच्या मते फरक हातांच्या सवयीत होता: कोखर संथपणे, वेष्टणाला धरून, आजूबाजूच्या ऊतींना धक्का न लावता ग्रंथी शेवटच्या कणापर्यंत काढत, म्हणून त्यांच्या रुग्णांत अवटूचा मागमूस राहत नसे पण परावटू ग्रंथी जागच्या जागी राहत, बिलरोट वेगाने, वेष्टणाबाहेरच्या ऊतींची व रक्तस्रावाची तितकी फिकीर न करता काम उरकत, त्यामुळे अवटूचे तुकडे मागे राहत पण परावटू ग्रंथी तरी निघून जात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तरी तुटे. ज्या ग्रंथींचे अस्तित्व त्या काळच्या कोणत्याही शल्यकाला ठाऊक नव्हते त्या राखल्या गेल्या किंवा गमावल्या गेल्या त्या केवळ कामाच्या ढबीमुळे.

ठाऊक नव्हते असे म्हणताना एक अपवाद करावा लागतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ पासून असलेला एक भारतीय गेंडा १८४९ च्या अखेरीस मेला आणि त्याचे शवविच्छेदन प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केले. अवटू ग्रंथीला लागून असलेल्या एका लहान, पिवळसर, घट्ट ग्रंथीची त्यांनी आपल्या प्रबंधात नोंद केली. परंतु गेंड्याच्या अवयवांच्या त्या लांबलचक वर्णनातील ते वाक्य वैद्यकाच्या नजरेस पडले नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात ईव्हार सँडस्ट्रॉम नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला १८७७ मध्ये कुत्र्याच्या गळ्यात अशीच ग्रंथी आढळली. नंतर त्याने ५० मानवी शवांची तपासणी करून ती माणसातही असते हे दाखवले, तिची सूक्ष्मदर्शकाखालील रचना वर्णिली आणि तिला नाव दिले. जर्मनीतील प्रतिष्ठित नियतकालिकाने लेख नाकारल्यावर १८८० मध्ये तो उप्सालाच्या स्थानिक वैद्यक संस्थेच्या वृत्तांतात स्वीडिश भाषेत छापला गेला आणि तेथेच पडून राहिला. १८८९ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, सँडस्ट्रॉम यांनी आत्महत्या केली. त्यानंतर दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये यूजेन ग्ले यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले की टेटनीचा संबंध अवटूशी नसून तिच्याजवळच्या या लहान ग्रंथींशी आहे, आणि सँडस्ट्रॉम यांच्या कामाचे मोल जगाला कळू लागले. मानवी शरीरातील स्थूल अवयवांपैकी अगदी शेवटी सापडलेला अवयव म्हणून परावटूचे नाव घेतले जाते, आणि ज्याने तो शोधला त्याच्या वाट्याला हयातीत काहीच आले नाही याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

परावटूंचा रक्तपुरवठा मुख्यतः अवटूच्या खालच्या धमनीच्या केसासारख्या फांद्यांतून होतो हे हॉलस्टेड आणि त्यांचे विद्यार्थी हर्बर्ट एव्हान्स यांनी १९०७ मध्ये दाखवले. त्यामुळे धमनी मुळाशी न बांधता ग्रंथीच्या अंगालगत, परावटूकडे जाणारी फांदी सोडून बांधावी, हा नियम रूढ झाला. त्याच संस्थेतील विल्यम मॅकॅलम आणि कार्ल व्होग्टलिन यांनी पुढच्या दोन वर्षांत टेटनी म्हणजे रक्तातील कॅल्शियमची घट हे सिद्ध केले आणि कॅल्शियमचे क्षार शिरेतून देताच झटके थांबतात हेही दाखवले. आज शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या बोटांना मुंग्या आल्या की परिचारिका धाव घेतात ती याच ज्ञानाच्या बळावर.

परावटूचा दुसरा विकार उलट्या बाजूचा आहे: चारपैकी एखादी ग्रंथी वाढून अतिरिक्त संप्रेरक सोडू लागली की हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते, हाडे पोकळ होऊन मोडतात आणि मूत्रपिंडात खडे होतात. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ याकोब एर्डहाइम यांनी हाडांच्या रोगांनी मेलेल्यांत परावटू मोठ्या झालेल्या पाहिल्या होत्या, पण हाडांच्या रोगाला तोंड देण्यासाठी त्या वाढतात असा त्यांचा तर्क होता. त्यांच्याच शहरातील फ्रिड्रिख श्लागनहाउफर यांनी १९१५ मध्ये उलट सुचवले, की एकच ग्रंथी वाढलेली असेल तर रोगाचे मूळ तीच असावी आणि ती काढून पाहावी. हाडे ठिसूळ झालेल्या, चालणे अशक्य झालेल्या व्हिएन्नातील एका ट्राम कर्मचाऱ्यावर फेलिक्स मांडल यांनी प्रथम एर्डहाइम यांच्या मताप्रमाणे दुसऱ्याची परावटू ग्रंथी रोवून पाहिली आणि काहीच सुधारणा न झाल्यावर १९२५ मध्ये त्याचा गळा उघडून परावटूची गाठ काढली. रुग्णाच्या वेदना ओसरल्या, लघवीतून जाणारे कॅल्शियम घटले, तो पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी रोग उलटला आणि तो त्यातून वाचला नाही, तरी कोणते मत बरोबर याचा निकाल त्या शस्त्रक्रियेने लावला होता.

या विकारात गाठ शोधणे हेच अर्धे काम असते, याचा धडा बोस्टनमध्ये मिळाला. व्यापारी जहाजाचा एक उंचापुरा कप्तान हाडे मोडून, पाठ वाकून सुमारे १८ सेंटिमीटरने बुटका झाला होता. १९२६ पासून मॅसॅच्युसेट्स जनरल आणि इतर रुग्णालयांत त्याच्या गळ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, निरोगी ग्रंथीही काढल्या गेल्या, पण गाठ हाती लागेना. त्याने स्वतः वैद्यकीय ग्रंथालयात बसून आपल्या रोगाचा अभ्यास केला, आणि १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत एडवर्ड चर्चिल व ऑलिव्हर कोप यांना ती गाठ गळ्यात नव्हे तर छातीत, उरोस्थीच्या मागे सापडली. गर्भावस्थेत परावटू ग्रंथी वरून खाली सरकत आपल्या जागी येतात आणि एखादी वाट चुकून छातीत उतरते, हे त्यावरून शल्यकांच्या मनावर कायमचे ठसले. कप्तान मात्र काही आठवड्यांतच मूत्रमार्गातील खड्यावरील उपचारांनंतर मरण पावला.

दरम्यान अवटूच्या अतिक्रियेचा, म्हणजे डोळे बटबटीत होणे, छाती धडधडणे, वजन झपाट्याने घटणे अशा लक्षणांच्या विषारी गलगंडाचा प्रश्नही मार्गी लागत होता. मेलबर्नमध्ये टॉमस डनहिल यांनी १९०७ पासून स्थानिक भुलेखाली, टप्प्याटप्प्याने अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी शस्त्रक्रियेआधी आयोडीन दिल्यास धोका खूप घटतो हे दाखवले आणि १९४३ मध्ये एडविन अ‍ॅस्टवूड यांनी अवटूचा स्राव रोखणारी औषधे वापरात आणली. स्वरयंत्राच्या चेतेबाबत जुना दंडक तिच्या वाटेला न जाण्याचा होता. बोस्टनच्या फ्रँक लेही यांनी १९३८ मध्ये प्रत्येक शस्त्रक्रियेत ती मुद्दाम शोधून, डोळ्यांसमोर ठेवून काम करावे असा आग्रह धरला आणि आज तीच सर्वमान्य रीत आहे.

गलगंडाची लाट मात्र चाकूने ओसरली नाही; ते काम मिठाने केले. जिनिव्हाच्या जाँ-फ्रान्स्वा क्वँदे यांनी १८२० मध्येच गलगंडावर आयोडीन दिले होते, पण अतिरेकी मात्रांनी झालेल्या त्रासामुळे तो उपचार बदनाम झाला. शतकभरानंतर, १९१८ मध्ये, ओटो बायार्ड या स्विस डॉक्टरांनी डोंगरी गावांत अत्यल्प आयोडीन मिसळलेले मीठ वाटून त्याचा गुण दाखवला आणि १९२२ मध्ये आपेनझेल आउसररोडन या प्रांतात ते मीठ विक्रीस आले. भारतात रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिलगिटमध्ये एकाच ओढ्यावर वसलेल्या गावांत वरून खाली गलगंडाचे प्रमाण वाढत जाते हे नोंदवून दूषित पाण्यावर बोट ठेवले होते. निर्णायक पुरावा हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिळाला: १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली त्या प्रदेशाचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीनचे दोन वेगवेगळे क्षार मिसळलेले आणि तिसऱ्यात साधे मीठ पुरवले गेले, आणि पहिल्या दोन भागांतच गलगंड घटला. त्या संशोधनाच्या लेखकांत पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेचे संचालक झालेले माधव देव आणि जीवरसायनज्ञ एम. जी. करमरकर होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच आधारावर.

मुंबईचा या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे. परळ येथे १९६३ मध्ये अणुऊर्जा विभागाने स्थापन केलेल्या किरणोत्सारी वैद्यक केंद्रात अवटूच्या विकारांवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होऊ लागले. अवटूच्या पेशी आयोडीन शोषून घेतात, म्हणून ते किरणोत्सारी करून पाजले की त्या पेशी आतूनच नष्ट होतात; अवटूच्या अनेक कर्करोगांत आधी शल्यकाने संपूर्ण ग्रंथी काढायची आणि उरलेल्या किंवा शरीरात पसरलेल्या पेशी या द्रव्याने मारायच्या, अशी विभागणी त्यातून रूढ झाली. ज्या संपूर्ण उच्छेदनाचा कोखर यांनी १८८३ मध्ये त्याग केला तेच कर्करोगासाठी पुन्हा स्वीकारता आले, कारण आता रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेऊन रुग्ण निरोगी जगू शकतो. परावटूंच्या बाबतीत इतकी सोपी भरपाई अद्याप नाही, आणि संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर कॅल्शियम उतरणे हीच आजही सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत आहे. त्यामुळे शस्त्रक्रिया चालू असताना एखादी परावटू काळवंडली किंवा अवटूबरोबर सुटून आली, तर ती टाकून देत नाहीत. थंड क्षारजलात ठेवून तिचे मिलिमीटरभराचे तुकडे करतात, मानेच्या स्नायूत केलेल्या खिशात ते ठेवून वरून टाका घालतात आणि काही आठवड्यांत तेथे नव्या रक्तवाहिन्या फुटून ते बहुधा पुन्हा काम करू लागतात.